दोन विहिणी आणि उशिरा बोलणारा नातू

दोन वर्षं उलटली तरी मूल नीट बोलत नाही, हे लक्षात आलं की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, बोलेल की, एवढी काय घाई आहे? दुसरा म्हणतो, आजच्या आज दाखवून येऊ. या लेखातल्या दोन विहिणी त्या दोन पक्षांच्या आहेत. साताऱ्याकडच्या खेड्यातल्या आजी म्हणजे वडिलांची आई. त्यांचा जन्म शेतात आणि गोठ्यात गेला, आणि स्वतःच्या मुलांबरोबर भावकीतली कितीतरी पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर वाढली. पुण्याच्या आजी आईची आई, महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. दोघी कल्पनेतल्या, आणि त्यांचा सव्वादोन वर्षांचा सोनूही कल्पनेतलाच. त्यांची वाक्यं मात्र मी बऱ्याच घरांत ऐकली आहेत.

पुण्याच्या आजी : विहीणबाई, सोनूचे कान तपासायला मंगळवारची वेळ घेतलीय.

साताऱ्याच्या आजी : कानाला काय झालंय? बोलत न्हाई त्यो तोंडानं. कान खनखनीत हायत त्याचे. कुकरची शिट्टी झाली का दचकतोय, गल्लीत टेम्पो आला का दाराकडं पळतोय.

पुण्याच्या आजी : कुकर आणि टेम्पो ऐकू येणं वेगळं आणि बोलणं ऐकू येणं वेगळं. स, श, फ हे आवाज हळू असतात, उंच पट्टीतले असतात. थोडं कमी ऐकू येणाऱ्या मुलाला मोठे आवाज येतात आणि शब्दांतले हे बारीक आवाज निसटतात. शिवाय याला सारखी सर्दी. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहू शकतं. कान दुखत नाही, वाहत नाही, ताप येत नाही. कुणाला पत्ता लागत नाही, आणि पोराला कित्येक आठवडे सगळं विहिरीच्या तळातून ऐकल्यासारखं ऐकू येतं.

साताऱ्याच्या आजी : त्याचा बाप साडेतीन वर्सांचा होईस्तवर बोलत नव्हता. आता फोनवर तास-तास बोलतोय. घराण्यातच हाय त्ये.

पुण्याच्या आजी : हे तुम्ही धीर द्यायला सांगता, पण मला त्यानेच जास्त काळजी वाटते. घरात आधी कुणी उशिरा बोललं असेल तर त्या मुलाकडे लवकर लक्ष द्यायचं असतं.

साताऱ्याच्या आजी : आन् पोरगा हाय. पोरी चुरूचुरू बोलत्यात, पोरं उशिरा.

पुण्याच्या आजी : फरक असतो, पण एक-दोन महिन्यांचा. वर्षभराची सूट मुलग्यांना कुणी दिलेली नाही.

इथे मी पूर्णपणे पुण्याच्या आजींच्या बाजूने आहे, आणि त्यात कुठलीही तडजोड मला मान्य नाही. वर्षाच्या आसपास मूल एखादा अर्थाचा शब्द बोलतं. दोन वर्षांचं होता होता त्याच्याकडे साधारण 50 शब्द असतात आणि ते दोन शब्द जोडू लागतं, 'आई ये', 'दूध दे' असे. लेस्ली रेस्कोर्ला या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1989 मध्ये आईवडिलांनी भरायची शब्दांची यादी प्रसिद्ध केली. दोन वर्षांच्या मुलाचे शब्द 50 पेक्षा कमी असतील किंवा ते शब्द जोडत नसेल तर त्याच्याकडे लक्ष द्यायचं, ही खूण तेव्हापासून रुळली. अशी पुष्कळ मुलं पुढे तीन-चार वर्षांपर्यंत आपोआप इतरांना गाठतात, त्यामुळे साताऱ्याच्या आजींचा अनुभव खोटा नाही. पण दुसऱ्या वर्षी समोर बसलेलं मूल गाठणाऱ्यांतलं आहे की मागे राहणाऱ्यांतलं, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, अनुभवी आजीलाही नाही आणि डॉक्टरलाही नाही. तपासणीत एक सकाळ जाते. न तपासता घालवलेलं वर्ष मात्र ऐकू न येणाऱ्या मुलाला परत मिळत नाही.

दोन वर्षांची वाटही बघू नये अशा काही खुणा आहेत. वर्षाचं मूल 'बाबाबा, दादादा' असं बडबडत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, सव्वा-दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, तर आधीच जावं. आणि येत असलेले शब्द कुठल्याही वयात गळून पडले, तर त्याच आठवड्यात जावं. चंद्र दिसला की 'तो बघ' म्हणून आपल्याला दाखवणं, आपण बघतोय ना म्हणून आपल्या तोंडाकडे पाहणं, हे शब्दांइतकंच महत्त्वाचं आहे. ते नसेल तर बालरोगतज्ज्ञांना स्वमग्नतेबद्दल मोकळेपणाने विचारावं. निदानाचा शिक्का बसेपर्यंत मदत थांबवून ठेवायची नसते, ती आधी सुरू करता येते.

साताऱ्याच्या आजी : आमच्याकडं कुठं हायत ही मशिनं? पुण्या-मुंबईच्या पोरांचं भागतंय.

पुण्याच्या आजी : आहेत. तुमच्या अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीचं पथक येतं, त्यांना सांगायचं. ते जिल्हा रुग्णालयात पाठवतात, फुकट.

हे पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये पालघरला झाली. जन्मतःचे दोष, आजार आणि जीवनसत्त्वांची कमतरता यांच्याबरोबर विकासातला उशीरही त्यात धरलेला आहे, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था 1983 पासून वाचा आणि श्रवण याच कामासाठी आहे. यातलं फारच थोडं लोकांपर्यंत पोचतं. पथक येतं त्या दिवशी आई मजुरीला गेलेली असते, किंवा 'आमचं पोर धडधाकट आहे' म्हणून आजी त्याला अंगणवाडीत पाठवतच नाही. न बोलणं हे घरात आजारपण वाटत नाही, म्हणून ते सांगितलं जात नाही.

साताऱ्याच्या आजी : बरं, कान बघा. पर तवर जिभंला वेखंड लावू द्या की. आन् जीभ चिकटल्यावानी दिसती, ती सोडवून घ्या.

पुण्याच्या आजी : वेखंड नको. पोटात गेलं तर उलट्या होतात, आणि त्याने शब्द येत नाहीत. जिभेखालचा ताण डॉक्टर बघतील. त्याने एखाद-दुसरं अक्षर अडू शकतं, पण सगळं बोलणं अडत नाही. जीभ अडली असती तर त्याने चुकीचं का होईना, पुष्कळ बोलून दाखवलं असतं.

एवढ्यावर वाद संपला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. तपासणी हे घराबाहेरचं काम. उरलेला सगळा दिवस मूल घरात असतं. तिथे काय करायचं, यावर मात्र पारडं फिरतं.

साताऱ्याच्या आजी : आता माझं ऐका. तुमी त्याला समोर बसवून ती चित्राची कार्डं दावता. 'हे काय? सांग ना! बोल, ॲपल! बोल!' पोर मान फिरवतंय. काल तर कार्डं बघूनच पलंगाखाली गेलं.

पुण्याच्या आजी : सराव नको का? दिवसातून अर्धा तास तरी बसायला हवं.

साताऱ्याच्या आजी : मी भाकरी थापताना त्यो माझ्याजवळ बसतोय. मी त्याला पिठाचा गोळा देते. मी म्हनते, थाप थाप. त्यो थापतोय. मी गप. त्यो माझ्याकडं बघतोय. मी बी बघते. मग म्हनतोय, 'ताप'. मी म्हनते, 'थाप! भाकरी थाप!' आन् पुन्यांदा थापते. त्याला कोन बोल म्हनलं का?

पुण्याच्या आजी : तो 'ताप' म्हणाला?

साताऱ्याच्या आजी : परवा. तुमी तवा बाजारात होता.

साताऱ्याच्या आजींना माहीत नसेल, पण वाचा-उपचारतज्ज्ञ पालकांना जे शिकवतात ते बहुतेक सगळं त्या भाकरीच्या परातीशी घडलं. आजी जमिनीवर, मुलाच्या तोंडासमोर तोंड येईल अशा बसल्या होत्या. मूल ज्यात आधीच रमलं होतं, त्याच गोष्टीबद्दल त्या बोलल्या. वाक्य लहान होतं, आणि शब्द हातातल्या कृतीबरोबरच आला. मग त्या गप्प बसल्या. मुलाने मोडकातोडका शब्द टाकला तेव्हा चूक काढली नाही. तोच शब्द नीट करून, त्यात एक शब्द वाढवून परत दिला. मूल 'पाणी' म्हणालं तर आपण 'गार पाणी' म्हणायचं, 'भू' म्हणालं तर 'भू पळाला' म्हणायचं. मुलाच्या पुढे एकच पाऊल राहायचं. तीन वाक्यांचं भाषण त्याला पेलत नाही.

यातलं सगळ्यात अवघड काम गप्प बसण्याचं. लहान मुलाला ऐकलेलं समजायला, शब्द शोधायला आणि तोंड जुळवायला वेळ लागतो. आपण दोन क्षण थांबतो आणि उत्तर स्वतःच देऊन टाकतो. मनात दहा आकडे मोजून बघा, किती लांबलचक वाटतात ते. त्या वेळात चेहरा उत्सुक ठेवायचा आणि दुसरा प्रश्न टाकायचा नाही. टोरंटोच्या हॅनेन केंद्राने 1975 पासून पालकांना शिकवण्याची जी पद्धत बसवली तिचा पायाच बघणं, थांबणं आणि ऐकणं हा आहे. मेगन रॉबर्ट्स आणि ॲन कायझर यांनी 2011 मध्ये 18 अभ्यास एकत्र तपासून दाखवलं की असं बोलायला शिकवलेल्या पालकांच्या मुलांची भाषा खरोखर वाढते. घरातल्यांचं काम म्हणजे खऱ्या उपचाराला जोडलेली किरकोळ मदत, असं म्हणूनच समजू नये. तज्ज्ञांकडे मूल आठवड्यातून तासभर जातं. पोळी, आंघोळ, कपडे, चप्पल हे घरात रोज होतं. मला या सगळ्या प्रकरणात हेच फार बोचतं की तपासणीला जायला आपण वर्षभर सहज थांबतो, आणि मुलाच्या तोंडून शब्द यायला दहा आकडे मोजण्याइतकंही थांबत नाही.

पुण्याच्या आजी : म्हणजे काही विचारायचंच नाही?

साताऱ्याच्या आजी : विचारा की. पर ज्याचं उत्तर तुमाला ठावं हाय त्ये कशाला विचारायचं? पोराला बी कळतंय, ही उगं विचारती. दोन्ही हातांत धरा, पोळी का भात म्हना. त्याला जे हवं त्ये दावंल, न्हाईतर बोलंल.

पुण्याच्या आजी : आणि नाही बोलला तर देऊ नको, असं ना? भूक लागली की बोलेल.

साताऱ्याच्या आजी : असं कुठं असतंय! लेकराला उपाशी ठिवून बोलायला लावायचं? बोट दावलं तरी द्यायचं. देताना म्हनायचं, भात. भात हवा.

हे बोलल्याशिवाय न देणं अनेक घरांत चालतं, चांगल्या हेतूने चालतं, आणि मुलाला बोलण्याचीच धास्ती बसते. पाहुण्यांसमोर 'काकांना म्हणून दाखव' हाही त्यातलाच प्रकार. बोट दाखवणं, हात पुढे करणं, मान हलवणं हे बोलण्याचे शत्रू नाहीत. खुणांनी मूल आळशी होतं ही भीती निराधार आहे. ज्या मुलाला खुणांनी मागता येतं ते शब्दांकडे यायची शक्यता जास्त असते. डबा उंचावर, दिसेल पण हाताला येणार नाही असा ठेवायला हरकत नाही. मूल आपल्याकडे वळतं आणि बोलण्याला कारण मिळतं. पण त्याचा छळ होईल इतकं ताणायचं नाही.

कार्डांवर आणखी एक आक्षेप मला घ्यावासा वाटतो. त्यांवर रंग, फळं आणि आकार असतात. दोन वर्षांच्या मुलाला लाल आणि त्रिकोण या शब्दांनी काही मिळवता येत नाही. 'दे', 'नको', 'अजून', 'झालं', 'ये', 'उघड' हे शब्द त्याच्या दिवसभराच्या कामाचे आहेत. त्यांनी जग हलतं, म्हणून ते लवकर पकडले जातात, आणि क्रियापदं आली की जोडवाक्यं होऊ लागतात.

पुण्याच्या आजी : पण विहीणबाई, भू, हम्मा, मंमं असं बोबडं शिकवलं तर बोबडाच राहील. आणि पुढे शाळा इंग्रजी. म्हणून आम्ही घरात इंग्रजीच बोलतो त्याच्याशी.

साताऱ्याच्या आजी : 'कम बेबी, सिट बेबी.' झालं, संपलं तुमचं इंग्रजी. मग अर्धा दिवस समदी गप. मराठीत तुमी किती बोलता, त्याला गोष्टी सांगा की.

भू आणि हम्मा आपल्या आजी-पणज्यांनी फुकट ठेवलेले नाहीत. ओठांवरचे प, ब, म मुलाला आधी जमतात, दोनदा येणारा आवाज सोपा जातो, आणि भू हा तर कुत्र्याचाच आवाज. र, ळ, श यांना वेळ लागतो. मुलाने 'भू' म्हणावं, आपण 'हो, भू, कुत्रा आला' म्हणावं. कुत्रा हा शब्द त्याच्या कानावर पडला की पुरे.

दोन भाषांमुळे उशीर होतो, हा समज तर काही डॉक्टरांकडूनही अजून ऐकायला मिळतो. दोन भाषांत वाढणं हे बोलायला उशीर होण्याचं कारण नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे. घरात भाषा निवडताना एकच बघावं, आपण कुठल्या भाषेत न अडखळता रागावतो, लाड करतो, गोष्ट रंगवतो. पुण्यातल्या कितीतरी घरांत आईवडील मुलाशी मोजक्या इंग्रजी आज्ञांमध्ये बोलतात आणि एकमेकांशी मात्र रसाळ मराठीत, हे बघून मला वाईट वाटतं. मुलाच्या वाट्याला भाषेचा सगळ्यात कोरडा तुकडा येतो.

पुण्याच्या आजी : पण जेवताना फोन तुम्हीच लावून देता त्याला. ए टू झेड म्हणतो त्यातलं.

साताऱ्याच्या आजी : त्याबिगर घास गिळत न्हाई. सूनबाई आफिसातनं थकून येती, मी एकटी काय काय करू?

पुण्याच्या आजी : ए टू झेड म्हणतो, पण तहान लागली तर 'पाणी' म्हणत नाही. फोन त्याच्या तोंडाकडे बघून थांबत नाही, त्याने काही म्हटलं तर उत्तर देत नाही.

इथे पुन्हा पुण्याच्या आजी बरोबर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं की वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, दोन वर्षांपुढे दिवसाला एक तासाच्या आत, आणि कमी तितकं बरं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच म्हणते. त्यातून घरच्यांबरोबरचा व्हिडिओ कॉल वगळता येतो, कारण पलीकडचे आजोबा खरंच उत्तर देतात. पण सूनबाई थकून येते, हे वाक्यही सोडून देता येणार नाही. फोन काढून घ्या असं सांगणं सोपं असतं. तो काढल्यावर त्या अर्ध्या तासात मुलाजवळ कोण बसणार, हे घराने ठरवावं लागतं, आणि ते काम पुन्हा आईच्याच पदरात टाकू नये. सुरुवात एका जेवणापासून करावी, आणि त्या जेवणाला वडिलांनी बसावं.

साताऱ्याच्या आजी : लोक म्हनत्यात, आई नोकरी करती म्हनून पोर मुकं ऱ्हायलं. मी बी म्हनले असंल.

पुण्याच्या आजी : मीसुद्धा मनात म्हटलंय.

तसं नाही. हे मी दोघींना आणि वाचणाऱ्या प्रत्येक आईला सांगतो. आई नोकरी करते म्हणून मूल बोलायचं थांबत नाही. उशिराचं कारण कान असेल, घराण्यातून आलेलं काही असेल, मेंदूच्या वाढीतलं काही असेल, पुष्कळदा कारण सापडतच नाही. दोष शोधण्यात गेलेली संध्याकाळ मुलाच्या कामाची नसते. दोष लागलेली आई मुलाशी बोलताना सतत परीक्षेला बसल्यासारखी बोलते, आणि मूल ते ओळखतं.

तज्ज्ञांकडे जाताना मुलाचे सगळे शब्द लिहून न्यावेत. शब्द मोठ्यांच्या शब्दासारखा वाजलाच पाहिजे असं नाही. एकच आवाज प्रत्येक वेळी त्याच गोष्टीसाठी आला तर तो शब्द. पुण्याच्या आजींच्या वहीत बारा होते.

साताऱ्याच्या आजी : 'गग्गा' लिवलं का? गाडी.

पुण्याच्या आजी : ते काहीतरी बडबडतो असं वाटलं मला.

साताऱ्याच्या आजी : न्हाई, गाडीच. टेम्पो बी गग्गा, यष्टी बी गग्गा. 'दां' म्हंजी झालं. 'मा' म्हंजी माऊ, 'मंमं' येगळं. 'भु' म्हनून हात करतोय, त्ये भुर्र. 'ताप' लिवा. 'ना' लिवा, नको म्हनतोय. 'ज्जी' म्हंजी मी. आन् बोट दावून अं-अं करतोय त्ये?

पुण्याच्या आजी : ती खूण झाली. ती दुसऱ्या पानावर लिहिते, तीही विचारतात. 'आत जाऊन तुझी चप्पल आण' म्हटलं, बोट न दाखवता, तर आणतो का?

साताऱ्याच्या आजी : कवा आनतोय, कवा न्हाई. मी बोटच दावते दर वेळी.

पुण्याच्या आजी : तसंच लिहिते. शब्द झाले एकोणीस.

साताऱ्याच्या आजी : आन् किती पायजेत म्हनला?

पुण्याच्या आजी : पन्नास.

साताऱ्याच्या आजी : मंगळवारी कितीला जायचं?

पुण्याच्या आजी : दुपारी एकला. एक तपासणी झोपेत करतात, डोक्याला तारा लावून. दुखत नाही. पण त्याला झोप यायला हवी, आणि माझ्याजवळ तो झोपत नाही.

साताऱ्याच्या आजी : मी येते. सकाळी लवकर उठवते, वाटंत गाडीत डोळा लागू देत न्हाई.

पुण्याच्या आजी : दूधही तिथे पोचल्यावरच द्या. आणि सोमवारी सर्दी झाली तर लपवू नका, आधी फोन करून विचारावं लागेल.